मेणाचा पाय

डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं, शुगरने पाय सडलाय, विष वर चढतंय, आज कापला नाही तर माणूस हातचा जाईल. पण माझा नवरा ॲम्ब्रोज कागदावर सही करेना. वसईचा माणूस तो. पाय दुखला की वांद्र्याच्या मोत मावलीला, माउंट मेरीला, मेणाचा पाय वाहायचा, हे त्याच्या अंगातच मुरलेलं. म्हणाला, आधी नवस पोचव, मग सही.

आम्ही अबुधाबीत, वांद्रं लांब. म्हणून हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने मोबाइलवर शोधून काढलं, इथल्याच सर बनी यास बेटावर तेराशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती मठाचं देऊळ आहे. देऊळ जितकं जुनं, तितकी मावली लवकर ऐकते, असा त्याचा तर्क. घरी बसूनच 'वाहिला' म्हणावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण नवसाशी कोण खेळणार?

नणंदेने मागेच वसईहून पाठवलेला मेणाचा पाय टॉवेलात गुंडाळून मी अडीच तास टॅक्सीने गेले, मग बोटीने. देऊळ म्हणजे उन्हासाठी घातलेल्या छताखाली गुडघाभर भिंती. अल्तार नाही, म्हणजे वेदीच नाही, मेणबत्ती नाही, पुढे दोरी. टॉवेल उघडला, तर पायाची पाचही बोटं वितळून एक झालेली.

गार्ड खैरुद्दीन म्हणाला, आत काही ठेवायला मनाई आहे. मी हात जोडले, रडले, सगळं सांगितलं. त्याचेही डोळे भरले, पण त्याने वरचा कॅमेरा दाखवला. नोकरी जाईल म्हणाला, घरी पाच माणसं खाणारी. एका पायासाठी पाच पोटं कशी मारायची?

तेवढ्यात ॲम्ब्रोजचा फोन आला. तापाने जीभ जड झालेली.

"ठेवलास?"

मी दोरीच्या बाहेरच उभी होते. "ठेवला."

"कुठे?"

"अल्तारापाशी."

"मेणबत्ती?"

"पेटवली." एकदा सुरुवात झाली की खोटं स्वतःच पुढे चालतं.

"मग करतो सही. बघ तू, कापायला आले तरी मावली हात धरील त्यांचा."

"हो," मी म्हणाले.

नर्सने फोन घेतला. सही झाली म्हणाली, चारला थिएटरमध्ये नेणार, लवकर या. खैरुद्दीनने पाण्याची बाटली पुढे केली. बोट किनाऱ्यापासून सुटली तेव्हा लक्षात आलं, इतक्या लांब येऊन प्रार्थना करायची तेवढी राहून गेली.