अळीच्या पोटातला चातुर्मास

मी एका अळीच्या पोटातला जिवाणू बोलतोय. निदान मला तसं वाटतं. आम्ही सारखे दुभंगत असतो, त्यामुळे मूळचा मी कोणता, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझा जन्म शीळफाट्याजवळ, ठमाबाईंच्या मळ्यातल्या वांग्याच्या पानावर झाला. ते पान एका अळीने खाल्लं, पानाबरोबर मलाही. वांग्याचा कडवट रस बऱ्याच जिवाणूंना सोसत नाही. मला मानवला. अळी पान कुरतडायची, मी ते पचवायला मदत करायचो. करत असेन, असं धरून चालू.

यंदा, सत्याऐंशीचा आषाढ लागताच, भगवान नावाचा एक संशोधक डोंबिवलीहून आला आणि पिशवीत अळ्या भरू लागला.

"लोका दवा मारून अल्या मारतान, न तू त्या घरा नेतस?" ठमाबाई हसल्या. "लगीन लावाचा हाय का काय त्यांचा?"

अळी जसं पान खाते, तशी तिच्या पोटातली जिवाणूंची वस्ती घडते, असं भगवानचं म्हणणं. कल्याणचे त्याचे बाबुराव सर यावर हसले होते. सिद्ध झालं नाही, तर ते त्याला विषयच बदलायला लावणार होते. म्हणून घरच्या गॅलरीत लोणच्याच्या तीन बरण्या आल्या: एकीत वांग्याची पानं (मी त्यातला), एकीत कोबीची, एकीत एरंडाची. सुरुवातीला प्रत्येक बरणीतल्या अळ्यांच्या पोटात निराळी वस्ती दिसलीही. भगवान शीळ वाजवत हिंडायचा.

मग कांदेनवमी झाली, आणि पानाची चवच बदलली. बुळबुळीत, खाजरं काहीतरी येऊ लागलं. माझे भाऊबंद भराभर गेले. त्यांच्या जागी कुणी गुबगुबीत उपरे बिऱ्हाड थाटून बसले. मी आतड्याच्या एका घडीत अंग चोरून राहिलो. दुभंगायचीही भीती वाटे. दोघांना पुरेल एवढं होतं कुठे?

भगवानने पुन्हा प्रत्येक बरणीतली एकेक अळी तपासली आणि कपाळाला हात लावला.

"आई, घात झाला! तिन्ही बरण्यांत एकच वस्ती! पानाने काही फरकच पडत नाही!"

"पडेल कसा?" त्याची आई, कलावतीबाई, म्हणाल्या. "मी तिन्हींकडे अळूच घालतेय."

"काय?"

"ओरडू नकोस. चातुर्मासात घरात वांगं नको. आणि एकीला अळू, दुसरीला कोबी, असला दुजाभाव मला जमत नाही. शिवाय अळीने अळू नाही खायचं, तर काय सगळं फदफदं तू एकट्याने संपवणार आहेस?"

भगवानने खाली बसून वहीतल्या सुरुवातीच्या नोंदी चाळल्या. मग एकदम उठून आईच्या पाया पडला.

"अगं, तीन वस्त्या होत्या, अळवाने एक केल्या! हेच तर मी म्हणतोय! आता वांग्याची पानं घालून जुनी वस्ती परत आली, की सर गप्प."

"घाल की. कार्तिकी झाल्यावर."

मी घडीत आणखी आत सरकलो. तोवर अळीचा पतंग होऊन जातो. आणि कोशात जाण्याआधी ती पोट रिकामं करते. त्या रिकामं करण्यात मी असतो.

भगवान डोकं खाजवत म्हणाला, "आई, वर्ज्य वांगं आहे ना? पान कुठे वर्ज्य आहे?"

कलावतीबाईंनी वर्ज्य पदार्थ बोटांवर मोजून पाहिले.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

आज वांग्याचं पान आलंय. तीच कडवट चव! धीर करून मी दुभंगलो. आता आम्ही दोघे आहोत, आणि मूळचा कोण, ही काळजी दोघांनाही आहे.

पण दुसरी काळजी मोठी आहे. उद्या एकादशी. मघाशी कलावतीबाई साबुदाणा भिजत घालत होत्या, आणि मध्येच थांबून बरणीकडे मायेने बघत होत्या.

कुणीतरी त्यांना सांगा हो.