खालच्या मापाचे बेंड

मेन स्विच पाडून, टेस्टर लावून खात्री केल्यावर म्हातारा वायरमन स्टुलावर चढला आणि त्याने भिंतीतल्या बॉक्सचं झाकण उघडलं तशी खाली पलंगावर माती सांडली. खाली ताई बॅटरी धरून उभी होती. दारात तिचा धाकटा भाऊ हाताची घडी घालून टेकला होता. तोही वायरमनच, या म्हाताऱ्याच्याच हाताखाली तयार झालेला. ताईच्या या खोलीची वायरिंग त्यानेच केली होती.

बोर्डाला हात लागला की झटका बसतो, हे ताई त्याला किती दिवस सांगत होती. "तुझ्या वयाला सगळीकडूनच झटके बसतात," असं म्हणून त्याने हसण्यावारी नेलं होतं. शेवटी तिने त्याच्या उस्तादालाच बोलावून घेतलं.

म्हातारा हलक्या हाताने वायर ओढू लागला. वळणावर ती अडली. त्याने सैल सोडली, पुन्हा ओढली. बाहेर आली ती सोलवटलेली. लाल आवरण फाटून आतलं तांबं दिसत होतं. दुसरीही तशीच निघाली.

"पाइप इंची आणि वळणाला बेंड पाऊण इंची," तो दाराकडे बघून म्हणाला. "वायरी ओढताना हाताला कळलं असेल की तुला."

"मापाचे हॉलला लागले सगळे," भाऊ म्हणाला. " हॉलमध्ये चार माणसं येतात."

"घाई असेल त्याला," ताई मध्येच म्हणाली. "चुकतं माणसाचं."

म्हातारा भावाकडेच वळला. मग म्हणाला, "भिंत फोडून सगळं नव्याने ओढावं लागेल. आजच धर."

भावजय आतून आली. "दोनदा कशाला धुरळा करायचा? पुढच्या महिन्यात ही खोली आम्ही घेतोय, तेव्हा करणारच आहेत हे. नवे बेंड आणूनही ठेवलेत."

"आणि ताई?" म्हाताऱ्याने विचारलं.

"त्यांची सोय केलीय. तिथे त्यांच्या वयाची पुष्कळ माणसं आहेत." ती नवऱ्याकडे वळली. "अजून बोलला नाहीत का तुम्ही?"

"बोलणारच होतो," भाऊ पायाने दारातली माती सारत म्हणाला.

म्हाताऱ्याने वायरी कापल्या, टोकांना टेप गुंडाळली. बॅटरीचा झोत जागचा हलला नाही.

"या खोलीला आता लाइट नाही," तो उतरत म्हणाला.

"चालेल." ताईने बॅटरी विझवली. "जाताना हॉलचंही बघून जा. तिथे पोरं खेळतात."

त्याने हॉलचा बॉक्स उघडला. वायर ओढली तर लोण्यातून केस निघावा तशी निघाली. बेंड मापाचे, सांधे घट्ट, रंगाला रंग जुळवलेला. बराच वेळ तो ते काम बघत राहिला.

"शाबास," नकळत त्याच्या तोंडून गेलं. "हात बसला हो तुझा."

भावाच्या चेहऱ्यावर हसू आलं. आतल्या अंधारात ताई पलंगावर पडलेली माती हाताने झाडत होती.