बाटल्यांचा वाफा

दिनेशने लोखंडी सब्बल कोथिंबिरीच्या वाफ्यातल्या बाटलीच्या कडेला घालून दाबली. बाटली निघाली नाही, फुटली.

"हळू," स्वयंपाकघराच्या खिडकीतून रंजीता म्हणाली. "सांबाराले लागन."

"सांबाराची पडली तुले! पाहुने मूल गावाच्या पुढं आले म्हनून फोन आला, अन् तू सांबार वाचवून राह्यली."

ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरच्या मागे रंजीताने काहीच वाया जाऊ दिलं नव्हतं. तेलाच्या डब्यात कढीपत्ता, रंगाच्या बादलीत टमाटे, सिमेंटच्या पोत्यात अद्रक, दुधाच्या पिशव्यांत वांग्याची रोपं. पानांवर वीज केंद्राच्या राखेची धूळ बसायची, ती रोज पाणी मारून धुवायची. हे सगळं पाहुण्यांना कौतुकाने दाखवण्यासारखंच होतं. अडचण पालक-सांबाराच्या वाफ्यांची होती. त्यांच्या कडेने दारूच्या बाटल्या होत्या, तोंड मातीत, बूड वर, विटांसारख्या खेटून लावलेल्या.

जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हाच्या त्या. बंदीत दारू मिळायची, पण रिकामी बाटली टाकायची सोय नव्हती. भंगारवाल्याला द्यावी तर गल्लीभर बोभाटा, कचऱ्यात टाकावी तर पोलिसांची भीती. शिव्या देऊन थकलेल्या रंजीताने मग रोजची बाटली मातीत खोचायला सुरुवात केली. पुढे बंदी उठली, लोक राजरोस प्यायला लागले, आणि त्याच वर्षी दिनेशने सोडली. या माणसाचं सगळं उलटंच.

लेक दिव्यानीला सव्विसावं सरत आलं होतं. आधीची दोन स्थळं 'बाप पितो' एवढ्या ऐकीव गोष्टीवर परत गेली होती. तिसरंही आपल्यापायी गेलं तर पोरीला कोणत्या तोंडाने बघायचं, या धास्तीने दिनेश सकाळपासून एका जागी बसला नव्हता.

"मदत कर ना वं."

"तुमी पेल्या, मी लावल्या. आता काढाच्या तर तुमीच काढा," रंजीता म्हणाली. "मले नाई त्याची लाज. शेवटची लावली त्याले चार वर्षं झाले."

तासाभरात एकच वाफा मोकळा झाला. बाटल्या निघाल्या तिथे ओळीने गोल खड्डे पडले, आणि ते बाटल्यांपेक्षा जास्त डोळ्यांत भरू लागले. काढलेल्या बाटल्यांचं पोतं त्याने कूलरमागे ठेवलं, तिथून न्हाणीत नेलं, पुन्हा अंगणात आणलं. चोराच्या मनात चांदणं. पोत्यात जरा खळखळलं की सारी कॉलनी ऐकते आहे असं त्याला वाटे. ते ठेवायला जागा सापडायच्या आत दारात गाडी थांबली.

मुलगा सुनिल, त्याचा मामा आणि आई कांताबाई. सुनिल राईस मिलमध्ये सुपरवायझर होता. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. दिनेशला तो बघताक्षणी आवडला, आणि त्याची धास्ती दुपटीने वाढली.

"पाय धुवाले पानी?" कांताबाईंनी विचारलं.

घरातल्या नळाला पाणी नव्हतं. मागच्या नळाला होतं.

"इथीच आनून देतो, बाई!" दिनेश ओरडलाच.

"राहू द्या भाऊ, मी जातो." त्या रंजीताबरोबर मागे गेल्यादेखील.

दिनेश धावत पोचला तेव्हा कांताबाई वाफ्याशी उकिडव्या बसल्या होत्या. एकेका बाटलीच्या बुडावरून त्यांचा हात फिरत होता. पोतं शेजारीच होतं, तोंड उघडं. संपलं, एवढंच त्याला कळलं.

"कधी सुटली याइची?" कांताबाईंनी त्याच्याकडे न बघता रंजीताला विचारलं.

"चार वर्षं झाले."

"खरं?"

"खरं, बाई. पोरीची आन."

घरात सुनिल मामाच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होता.

"तुमी लावून तरी ठेवल्या," त्या म्हणाल्या. "मी तर सकायी अंधारात शेजारच्या पडक्या विहिरीत टाकून येतो."

"तुमचे मालकबी..." रंजीता अडखळली.

"मालक जाऊन नऊ वर्षं झाले. त्याइनं कधी सुपारी खाल्ली नाई." त्यांनी घराकडे मान वळवली. "आज माह्या धाकानं कोरडा आला. लगन झालं का सुधरते म्हनते मामा. मीबी तेच म्हनून इथवर आलो."

रंजीताच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"पोरगी चांगली हाये तुमची. पत्रिका जुडत नाई म्हनून मीच सांगतो. तुमच्यावर बोल येनार नाई."

दिनेशला आधी हायसं वाटलं. आपल्यापायी नाही गेलं, हाच विचार पहिला आला, आणि लगेच त्याला स्वतःची शरम वाटली. चार पावलं पुढे होऊन तो कांताबाईंसमोर मातीतच बसला.

"बाई, त्याले पाठवाल का माह्याकडं? आठ दिवस, पंधरा दिवस. लगनासाठी नाई. माह्यासोबत राहीन तो."

कांताबाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या उठल्या आणि नळ सुरू केला. पाय धुवायला आलेल्या त्या बाईने मग बराच वेळ तोंडच धुतलं.