माझी रेघ थांबवणारा भाऊ

मित्रांनो, मी एक जुना एचटीएमएल टॅग आहे, आणि माझं डोकं भयंकर तापलंय.

वेबपानावरचा मजकूर कसा दाखवायचा, हे ब्राउझरला आम्ही टॅग सांगतो. कुणी मथळा करतो, कुणी परिच्छेद, कुणी अक्षरं ठळक. दोन टोकदार कंसांत इंग्रजी एस, तो मी. पुढच्या शब्दांवर मी आडवी रेघ मारतो. मला थांबवतो माझा धाकटा भाऊ. दिसायला माझ्यासारखाच, फक्त एसच्या आधी एक तिरकी रेघ. तो येईपर्यंत मला थांबताच येत नाही.

लहान मुलांच्या एका डॉक्टरांच्या बहिणीने दवाखान्याचं पान लिहिलं. ती आधी आम्हा दोघांना टाइप करायची, मग मध्ये मजकूर भरायची. लसीचा वार बदलला की जुना वार आमच्या मध्ये, नवा भावाच्या पलीकडे. पाच वर्षं कशी मजेत गेली!

पुढे तिला नोकरी लागली आणि पान डॉक्टरांच्या मेहुण्याकडे आलं. मोठा शहाणा! "हा कचरा कशाला?" म्हणत त्याने माझ्या भावालाच उडवलं. पान उघडून बघायचेही कष्ट नाहीत. "झालं काम!" म्हणून गेला चहाला. मी मात्र नवा वार, वेळ, पत्ता, फोन नंबर, सगळ्यांवर रेघ मारत सुटलो. ओरडायला तोंड नाही हो मला!

त्याच दुपारी दोन गल्ल्या पलीकडच्या एका आईने ते पान पाहिलं. कडेवरच्या लेकीला धाप लागली होती. "अगं बाई, दवाखाना बंद झाला वाटतं!" म्हणत ती शहराच्या दुसऱ्या टोकाला धावली. लेक वाचली, पण पाच दिवस इस्पितळात होती.

नंतर आईने येऊन मेहुण्यासमोर फोन आपटला. "दवाखाना चालू होता, मग सगळं खोडून का ठेवलंत?"

"तुमच्याच फोनमध्ये बिघाड असेल, ताई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बिचारी मात्र "असेल बाई" म्हणत निघून गेली.

मग मेहुण्याने गुपचूप डॉक्टरांच्या बहिणीला बोलावलं. तिने माझ्या भावाला जागेवर बसवलं आणि मेहुण्याला बजावलं, "त्या ताईंना फोन करून खरं सांग." त्याने केला नाही.

मित्रांनो, टॅग उघडलात की लगेच त्याची जोडी लिहा. पान स्वतः बघून मगच उठा. आणि चुकलात तर तोंडाने कबूल करा. त्या आईला अजून वाटतं, त्या दिवशी आपल्याच फोनने घात केला.