न उघडलेली खोकी

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर बघतो आणि घरी आला की स्वतःच्या नाकासमोरचं त्याला दिसत नाही. हे मी त्याच्या तोंडावर बोलते, त्यामुळे इथं लिहायला काही हरकत नाही.

त्याला जुन्या गेमिंग कन्सोलचा नाद. लग्नानंतर आमच्या घरात पहिलं कपाट आलं ते कपड्यांचं नव्हे, कन्सोलचं. त्याच्याकडे दोन जाती होत्या. एक उघडलेले, म्हणजे वापरातले, पिवळे पडलेले, बटणं झिजलेले. दुसरे सीलबंद, म्हणजे दुकानातून जसे आले तसेच, खोक्यावरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेले. या दुसऱ्या जातीपुढे तो देवापुढं उभं राहावं तसा उभा राहायचा. त्याच्यासारख्याच वेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात सील फोडणाऱ्याला ‘फाड्या’ म्हणतात आणि वाळीत टाकतात. या कारणावरून आमच्या साहेबांनी एका जिवलग मित्राशी बोलणं टाकलं होतं, आणि ते जेवताना आम्हाला रंगवून सांगितलंही होतं.

मला चीड यायची ती सीलबंद खोक्यांची. उघडलेल्या कन्सोलशी माझं भांडण नव्हतं. सुट्टीच्या सकाळी तो त्यातला एक खाली काढायचा, टीव्हीला जोडायचा, वायर हलवून हलवून चित्र आणायचा. एक कंट्रोलर त्याचा, दुसरा भिंगरीचा. भिंगरी म्हणजे आमची लेक. आठ वर्षांची आहे, एका जागी बसणं तिला ठाऊक नाही, म्हणून तिच्या आत्यानं हे नाव पाडलं. पण खेळ सुरू झाला की ती बापाला अशी चिकटायची की नाश्त्याला उठवताना माझा घसा बसायचा.

मग त्यानं तो हातात मावणारा गेमिंग पीसी घेतला. अख्खा कॉम्प्युटर, मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. जुने सगळे गेम त्यात बसले, नवे बसले, तरी जागा उरली. पहिले काही दिवस तो ते यंत्र घेऊन घरभर मिरवला. “बघ, टीव्ही नको, वायरी नकोत, कपाट नको!” मला वाटलं, सुटले बाई एकदाची. त्यानं उघडलेले सगळे कन्सोल एका कॅफेवाल्याला देऊनही टाकले. सीलबंद खोक्यांना मात्र हात लावला नाही. “खेळायला हे आहे,” तो म्हणाला, “ती ठेवायला.”

म्हणजे ज्यांच्याशी आम्ही खेळलो ते गेले आणि ज्यांच्याशी कुणी कधी खेळलं नाही ते राहिले. रिकाम्या फळ्यांवर त्यानं खोकी ऐसपैस मांडली. कपाटाच्या त्या फळ्या भिंगरीच्या पलंगाच्या वर, भिंतीवर होत्या, कारण घरात दुसरी भिंतच मोकळी नव्हती. पूर्वी तो एकेक खोकं काढून पुसायचा, उलटंपालटं करून बघायचा. तेही बंद झालं. आता तो सोफ्यावर आडवा होऊन नव्या यंत्रात डोकं घालायचा. स्क्रीन एवढीशी आणि बटणं एका माणसापुरती. भिंगरी त्याच्या खांद्यावरून बघत उभी राहायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची, मग निघून जायची.

“बाबा, वरचा एखादा काढ ना,” एकदा तिनं विचारलं.

“अगं, त्यातलं सगळं ह्यात आहे. त्यांचं आता काय काम?”

स्वयंपाकघरातून मी हे ऐकलं होतं. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी भिंगरीची आत्या तिला चार दिवस आपल्या घरी न्यायला आली. माझी ही नणंद गाडी चालवायला माझ्याकडूनच शिकली, कारण मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. चालवते बरी, पण कुणी बोलायला लागलं की बावरते. भिंगरी मागच्या सीटवर बसली, पाठीवरची बॅग काही काढून देईना. मी म्हटलं, “अगं, कुणी खात नाही तुझी बॅग.” ती हसली नाही. गाडी गेली आणि आम्ही दोघं चहा घेऊन बसलो.

नवऱ्याचा फोन वाजला. त्यानं वाचलं आणि चुकचुकला. “अरेरे. गेलं बिचाऱ्यांचं सील.”

“काय झालं?”

“आमच्या ग्रुपमधले ते निवृत्त बँकवाले. त्यांच्याकडे एक सीलबंद हँडहेल्ड होता, हातात धरून खेळायचा कन्सोल. आतली बॅटरी जुनी, कपाटातच फुगली म्हणे. खोक्याचं झाकण वर आलं, मग पेटलं. कपाट जळालं. पण सील बघ ना, एवढी वर्षं जपलेलं...”

मी कप खाली ठेवला. “तसाच आपल्याकडे आहे?”

त्यानं फोन उलटा ठेवला. “आहे. पण आपला थंड जागी आहे.”

“आपला माझ्या पोरीच्या उशाशी आहे!”

मी धावतच भिंगरीच्या खोलीत गेले. तो मागून, “थांब, फाडू नकोस, आधी नुसतं बघू, फुगला असेल तर बाहेरून कळेल.” पलंगावर चढून मी ते खोकं धरलं आणि ओढलं. जड असणार म्हणून जोर लावला होता, तर ते कागदाच्या पिशवीसारखं वर आलं आणि मी मागे कोलमडले.

त्यानं ते माझ्या हातून घेतलं, हातात तोललं. त्याचा चेहरा पांढरा पडला. “फसवलं मला,” तो म्हणाला. “रिकामं खोकं गळ्यात मारलं! पण घेताना मी वजन केलं होतं...”

मी खोकं उलटं केलं. तळाचं प्लास्टिक एका रेषेत कापलेलं होतं आणि त्यावर रंगीत फुलांची चिकटपट्टी लावलेली होती. ती पट्टी भिंगरीच्या शाळेच्या कंपासपेटीतली. समोरचं सील जसंच्या तसं, झगझगीत. तळाशी बघायला महिनोन्‌महिने कुणी गेलंच नव्हतं.

त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. मग त्याला उमगलं आणि तो पलंगाच्या काठावर बसला.

आम्ही उशी उचलली, गादी उलटली, कपाट उपसलं. खोक्यातलं यंत्र नव्हतं. चार्जिंगची वायरही नव्हती. मला ती पाठीवरची बॅग आठवली. आत्याच्या गाडीत मागच्या सीटलाही चार्जिंगची सोय आहे. नवी गाडी आली तेव्हा मीच भिंगरीला ती कौतुकानं दाखवली होती.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. नवरा शेजारी उभा राहून “उचलेल, उचलेल” म्हणत होता, आणि मला त्याला ढकलून द्यावंसं वाटत होतं. तिनं उचलला तेव्हा फोन भिंगरीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवून मी स्पीकर सुरू केला.

“वहिनी, मी मोठ्या पुलावर आहे गं, गाडीच्या स्पीकरवर बोलतेय, नंतर...”

“ठेवू नकोस! भिंगरी काय करतेय?”

“गेम खेळतेय. दादानं दिलाय ना? मघापासून चार्जिंगला लावलाय. वहिनी, गाडीत कसलातरी गोडसर वास येतोय. म्हटलं हिनं चॉकलेट सांडलं की काय.”

“बॅटरी गळतेय,” नवरा पुटपुटला.

तो पूल मला पाठ आहे. शिकाऊ लोकांना मी तिथं अगदी शेवटी नेते. कडेला थांबायला जागा नाही, मागून ट्रक येतात, एकदा चढलं की उतरेपर्यंत चालत राहायचं. तिथं थांब म्हणायची माझी छाती होईना.

“हळू चालव, समोर बघ,” मी म्हणाले. “भिंगरी, ऐकू येतंय ना? वायर काढ.”

“कुठली वायर?” आवाज अगदी बारीक.

“भिंगरी!”

“काढली.”

“आता ते अंगापासून लांब ठेव. सीटच्या त्या टोकाला.”

“माझ्याकडे काही नाहीये.”

“अगं वहिनी, आरशात दिसतंय मला,” आत्या म्हणाली. “जॅकेटच्या आत पोटाशी धरलंय तिनं.”

“भिंगरी, गरम लागतंय का गं?”

“थोडंसं.” मग जरा वेळानं, “मागचं झाकण वर आलंय. मी दाबून धरलंय. बसेल ते परत.”

बँकवाल्यांचं कपाट जळालं होतं. इथं माझी पोर ते फुगलेलं यंत्र पोटाशी आवळून, दोन्ही हातांनी दाबून बसली होती.

“दाबू नकोस! आत्या काच खाली करेल, बाहेर फेकून दे!”

“नाही! बाबाचं आहे ते. मी परत खोक्यात ठेवणार होते. कुणाला कळलंसुद्धा नसतं.”

“बाबा रागावणार नाही.”

“तू असंच म्हणतेस.”

नवरा टेबलावर वाकला. “भिंगरी, मी बोलतोय. फेक ते. मी अजिबात रागावलो नाही.”

“खोटं. सील फाडणाऱ्याशी तू बोलत नाहीस. त्या काकांशी नाही बोलत.”

पुलावरून एक मोठी गाडी शेजारून गेल्याचा आवाज आला, आत्यानं हॉर्न वाजवला, मी तिला “सरळ, सरळ राहा” म्हणाले. मागून भिंगरीच्या हुंदक्यांचा आवाज यायला लागला. भाजत होतं तिला, आणि ती ते सोडत नव्हती.

नवरा पलंगावर चढला. फळीवरून हाताला लागलं ते खोकं ओढून घेऊन खाली आला, फोनजवळ धरलं. प्लास्टिकच्या कडेखाली नख घातलं. क्षणभर ते नख तिथंच राहिलं. मग त्यानं ओढलं. चर्र करून अख्खं आवरण उसवलं.

“ऐकलंस? कुठलं ते ओळख.”

“निळं?”

“निळंच. आता हे दुसरं.” त्यानं दुसरं ओढलं, फाडलं. तिसरं फाडताना कोपरा निघेना, तर दातांनी धरला. ज्या हातांनी तो केसाएवढा चरा पडू न देता काचा बसवतो, त्याच हातांनी तो खोकी फोडत होता. पुठ्ठे फाटत होते, आतल्या वायरी, पुस्तिका जमिनीवर पडत होत्या. “भिंगरी, मी सगळी फाडतोय. तू एकटी नाहीस फाडणारी. मला ह्यातलं काही नको. सोड ते!”

“वहिनी, धूर!” आत्या किंचाळली.

“समोर बघ! स्टिअरिंग सोडू नकोस! भिंगरी, फेक!”

वाऱ्याचा घोंघावता आवाज. त्यात कुणाचं काही कळेना. मी टेबल धरून उभी होते आणि मला फक्त तो वारा ऐकू येत होता. माझ्या आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नाही, पुढं घाबरेन असंही वाटत नाही.

“फेकलं,” आत्या रडत म्हणाली. “फेकलं गं तिनं. मागे पेटलंय. कठड्याशी पडलंय.”

“उतार आला की इंडिकेटर दे. कडेला घे. हँडब्रेक. मग दोघीही बाहेर.” माझा आवाज शिकवणीतला होता. तो कुठून आला देव जाणे.

गाडी थांबली. दारं उघडल्याचं ऐकू आलं. आत्यानं सांगितलं, तळहात लाल झालेत, एक फोड आलाय, जॅकेटचं अस्तर वितळलंय, पण पोटाला काही नाही, पाणी ओततेय, जवळच्या दवाखान्यात नेते. मी गाडीची किल्ली शोधायला लागले. नवरा पुठ्ठ्याच्या ढिगात मांडी घालून बसला होता आणि हमसून हमसून रडत होता. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

फोनवर भिंगरी आली. “आई, बाबा रडतोय?”

“हो.”

“बाबा,” ती घाबरत म्हणाली, “सीलसाठी रडतोयस?”

तो नाही, नाही अशी मान हलवत राहिला. फोनवर मान दिसत नाही हेही त्याला सुचेना. पलीकडे पोर उत्तराची वाट बघत होती.

“अरे, सांग तिला!” मी ओरडले. “तोंडानं सांग!”