दक्षाबेनची खोली

नोकरदार माणसाचं अर्धं आयुष्य नाव सांभाळण्यात जातं. डहाणूच्या अहिल्येचंही गेलं. ती शाळेत शिक्षिका, नवरा महादेव रेल्वेत. बोईसरच्या कारखान्यात मारामारी झाली, एक माणूस मेला आणि तिचा धाकटा भाऊ गोपीनाथ तुरुंगात गेला. अहिल्येने सगळ्यांना सांगून टाकलं, तो वापीला मोठ्या कंपनीत लागला. अंथरुणाला खिळलेल्या आईलासुद्धा हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची!

यंदा आईचं काही खरं नव्हतं. तिला भेटायला गोपीनाथने पॅरोल मागितला, पण राहणार कुठे? उधवा गावचं माहेरचं घर पडलेलं, म्हणून आई अहिल्येकडेच रेल्वे क्वार्टरमध्ये; तिथे त्याला ठेवायला महादेव तयार नव्हता. प्रोबेशन ऑफिसातल्या मयूरी मॅडम म्हणाल्या, "ज्याला घर नाही त्याच्या खोलीचं भाडं सरकार भरेल. खोली तेवढी तुम्ही शोधा."

अहिल्येच्या जिवात जीव आला. डहाणूतल्याच मसोलीत तिच्या ओळखीच्या दक्षाबेनची खोली रिकामी होती. तिने करार केला, पत्ता ऑफिसात दिला. आणि दक्षाबेनला काय सांगितलं? वापीचा भाऊ सुट्टीवर येतोय, आमच्याकडे जागा अपुरी पडते. जिभेला सवयच लागली होती, दुसरं काय!

मग दक्षाबेनकडे पोलीस चौकशीला आला. "पॅरोलवरचा कैदी इथे राहणार ना?"

दक्षाबेन भडकली. "काय बोलतो तू? टीचरबाईंचा भाऊ आहे तो, वापीला कंपनीत! कैदीबिदी माझ्याकडे कोणी नाय येणार."

मैत्रिणीची अब्रू राखली म्हणून ती खुशीत होती. पोलिसाने लिहिलं, घरमालकिणीचा नकार. पॅरोल नामंजूर झाला.

अहिल्या रडतच तिच्याकडे गेली आणि सगळं सांगून बसली.

"आधी सांगायचं ने, बेन!" दक्षाबेनने कपाळावर हात मारला. "माझा दीर पण जेलमधून सुटून याच खोलीत राहिला. मी काय नाय म्हटलं असतं?"

तिने स्वतः चौकीत जाऊन जबाब दिला. अर्ज पुन्हा गेला, या खेपेला मंजूरही झाला. आई मात्र तोवर थांबली नाही.

गोपीनाथ आला तेव्हा तेरावं उरकलं होतं. सरकारने भाडं भरलेल्या त्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला.

"ताई, आई शेवटी काय म्हणाली?"

तुझं नाव घेतलं, असं अहिल्येच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"म्हणाली, वापी एवढी जवळ, तरी त्याला आईसाठी सवड नाही. मेल्यावर त्याला कळवूसुद्धा नका." अहिल्या त्याच्याजवळ खाली बसली. "माझ्यामुळे रे, गोपी."



"म्हणजे मी कुठे होतो ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.