स्थगितीतला बांध

सिएनागाच्या खाजणात खांबांवर उभ्या असलेल्या त्या गावात एदेल्मिरा चाळीस वर्षं कालवं काढत होती. वाळलेली खारफुटी जगवायला सरकारने नदीचं गोडं पाणी आत सोडायला घेतलं, आणि खाऱ्या पाण्यावर जगणारी कालवं मरून वर्षभरात तिच्या हाती रिकामे शिंपले यायला लागले. ते काम थांबवायला गावाच्या वतीने कोर्टात अर्ज गेला, त्यावर पहिली सही तिची. धाकटा भाऊ आर्सेलियो त्याच प्रकल्पात खारफुटीची रोपं वाढवायचा. त्याने बोलणं टाकलं.

कोर्टाने स्थगिती दिली: जे जसं आहे तसंच राहील. पण कामगारांनी खाजणाच्या मुखाशी मातीचा तात्पुरता बांध घातला होता, तोही तसाच राहिला. आता नदी येईना, भरतीही येईना. दोन महिन्यांत पाणी हिरवं पडलं, मासे पोट वर करून तरंगायला लागले, उरलीसुरली कालवंही कुजली. शेजारणी तिच्या दारावरून होडी नेताना मान फिरवायच्या.

अर्ज मागे घ्यायला ती शहरात वकिलाकडे गेली. त्याने कॉफी मागवली आणि समजावलं की दाव्यात आता आणखी दोन संघटना आहेत, आणि बांध हा पुरावा आहे. त्याला हात लावला तर कोर्टाचा अवमान होईल.

"म्हणजे मीच मागितलेल्या कागदाने मला बांधलंय?"

"सुनावणी मार्चमध्ये आहे, सेन्योरा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती फावडं घेऊन बांधावर गेली. आर्सेलियो तिथे रोपांपाशी होता. बऱ्याच महिन्यांनी तो बोलला.

"ताई, खोदलंस तर तुझाच दावा पडेल."

"आणि नाही खोदलं तर?"

तिने खोदायला घेतलं. तिचे हात भरून आल्यावर त्याने न विचारता तिच्या हातातलं फावडं घेतलं. संध्याकाळच्या भरतीला हातभर रुंदीची धार आत शिरली आणि पोरंठोरं, म्हातारे सगळे बघायला जमले.

तिसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या यंत्राने ती फट बुजवली. आर्सेलियोचं काम गेलं. एदेल्मिराला नोटीस आली: सुनावणीपर्यंत बांधाच्या शंभर मीटरच्या आत फिरकायचं नाही. तिच्या होडीला बाहेर पडायची एकच वाट होती, ती बांधाला लागून.

आता आर्सेलियो रोज दुपारी भात आणि तळलेली केळी घेऊन येतो. दोघं तिच्या घरातल्या फळीवर बसून जेवतात. खालच्या पाण्याचा वास फार सुटला की ती उठून खिडकी लावून घेते.